मावशी पडली नाही

मावशी पडली ही बातमी मला खुद्द मावशीनेच फोनवरून दिली. ती अशी :

"मी पडलेले नाही, एवढं सांगायला फोन केलाय. तू जरा दवाखान्यात ये."

ऐंशी ओलांडलेल्या माणसाने, कुणी विचारलेलं नसताना, दवाखान्यातून असा खुलासा केला की ऐकणाऱ्याने काय समजायचं ते समजावं. मी मिळतील त्या चपला पायात अडकवून निघालो. त्यातली एक बायकोची होती, हे तिथे पोचल्या पोचल्या मावशीनेच दाखवून दिलं. तिचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. नजर शाबूत होती.

"कशी पडलीस?" मी विचारलं.

"बसले," ती म्हणाली.

"कुठे?"

"दुकानात."

"खुर्ची होती?"

"नव्हती. म्हणून तर हात टेकावा लागला."

डॉक्टर कोवळा होता. त्याने मला कोपऱ्यात घेऊन गाऱ्हाणं सांगितलं, "आजी पडल्या कशा, हे सांगतच नाहीत हो. मी पुन्हा पुन्हा विचारलं, तर मलाच म्हणाल्या, तुम्ही डॉक्टरकीच्या परीक्षेला किती वेळा बसलात?"

"मग?"

"मग मी विचारायचं सोडलं," तो म्हणाला आणि तपासणीच्या खोलीत शिरला. बहुधा आकडा सांगण्यासारखा नसावा.

झालं होतं ते असं. आमच्या चौकात घरगुती सामानाचं एक भलंमोठं दुकान आहे. सुईपासून शिडीपर्यंत सगळं एका छपराखाली, असं ते स्वतःच म्हणतात. तिथे मावशी रबरी चटई घ्यायला गेली होती. न्हाणीघरात पाय घसरू नये म्हणून अंथरतात ती. चटया दुकानाच्या टोकाला आणि त्यांच्या अलीकडे भांडी घासायच्या साबणाच्या बाटल्यांची मांडणी. त्यातली एखादी बाटली नेहमी गळकी असते. फरशी पुसणारा तो साबण पुसत नाही, सगळीकडे सारखा वाटून देतो. मावशी चटईपर्यंत पोचली. फक्त शेवटचं अंतर तिने मनात होतं त्यापेक्षा बरंच लवकर कापलं.

घसरू नये म्हणून घ्यायच्या चटईकडे जाताना माणूस घसरावा, यावर मी एकदाच हसलो. दुसऱ्यांदा हसायची माझी हिंमत झाली नाही, कारण तिचा उजवा हात मोकळा होता.

आता ती 'पडले' का म्हणत नव्हती, ते सांगतो. म्हणजे तिचा हट्ट वाटणार नाही. वाटला तरी शहाण्याचा वाटेल.

मावशीची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, दुसऱ्या गावी असते. मी तिला ताई म्हणतो, कारण ती माझ्याहून मोठी आहे आणि ते विसरू देत नाही. मावशी इथे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते, हे ताईला कित्येक वर्षं सलत होतं. शेवटी मायलेकींत करार झाला, आणि साक्षीला मला बसवलं. करार असा, की आईने हवं तितकं एकटं राहावं. पण ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी बॅग भरायची आणि निमूट लेकीकडे यायचं. मावशी लगेच कबूल झाली. तिचा पडायचा विचारच नव्हता.

ताईने तिकडे खोलीही तयार ठेवली होती. प्रेमाने ठेवली होती, हे मी शपथेवर सांगेन. भिंतीला आडवे दांडे, पलंगाला कठडा, उशाशी घंटा. नजर जाईल तिथे धरायला काहीतरी. मावशी एकदा आठवडाभर राहून आली आणि म्हणाली, "खोली झकास आहे रे. सारखं धरून राहायचं. मन धरेल असं मात्र काही नाही."

इकडे तिच्या खोल्यांत धरण्यासारखं एक दाराची कडी सोडली तर काहीच नव्हतं. पण दाराची किल्ली तिची होती. रेडिओ तिला हवा तेवढा मोठा लागायचा. खिडकीखाली समोरच्या फुटपाथवर एक शिंपी बसतो, तो सकाळी मावशीची खिडकी उघडल्यावरच मशीनवरचं फडकं काढतो. घड्याळ नाही त्याच्याकडे. मावशी गेली तर त्याचा धंदा उशिरा सुरू होईल, अशी काळजी ती बोलून दाखवायची. स्वतःची काळजी बोलून दाखवायची तिची पद्धत नव्हती.

शिवाय तिची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेलेली. ती ऑपरेटर होती. 'लाइन बंद पडली' असं वाक्य तिने उभ्या नोकरीत उच्चारलं नाही. "लाइन जरा थांबली आहे," असं ती म्हणे, आणि लोक आपले रिसीव्हर धरून थांबत. शब्द बदलला की माणूस थांबतो, हे तिला तेव्हापासून ठाऊक.

"मग सोडून दे ना," मी तिला घरी पोचवता पोचवता म्हणालो. "तू पडली नाहीस, तर दुकानाकडे मागणार काय? ताईला म्हणू, हात अवघडलाय."

"सोडून का द्यायचं?" ती पायरीवर थांबली. "दुकानाला सोडायचं नाही. आज मी बसले. उद्या एखादी खरंच पडेल."

तिच्या मागण्या तयारच होत्या. दवाखान्याचा खर्च दुकानाने द्यावा. साबणाची मांडणी हलवावी. कुणीतरी जबाबदार माणसाने दोन शब्द माफीचे बोलावेत. आणि चटई. "चटई घ्यायची राहूनच गेली बघ त्या गडबडीत."

"आणि हे सगळं कोण मागणार?"

"तू. तू जन्मभर लोकांना टोलवलंस. आता तुला टोलवणारा कसा निघतो ते बघू."

हा माझ्या कारकिर्दीचा उल्लेख होता. मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागातून निवृत्त झालो. लोकांच्या नळाला पाणी नसे आणि माझ्या टेबलावर सदैव भरलेला तांब्या असे. या दोन गोष्टींचा संबंध लावणं हे माझं काम नव्हतं.

मावशीच्या इमारतीत तळमजल्यावर एक वकील राहतात. त्यांना लोक जिन्यातच सल्ला विचारतात, त्यामुळे ते शक्यतो जिन्यात येत नाहीत. मी त्यांना दारात गाठलं.

"सरळ प्रकरण आहे," ते म्हणाले. "ओली फरशी, वयस्क ग्राहक, अस्थिभंग. काकू कशा पडल्या तेवढं त्यांच्या तोंडून हवं."

"त्या बसल्या."

"म्हणजे आधी बसल्या, मग पडल्या?"

"नाही. नुसत्याच बसल्या. पडल्या असं त्या म्हणणार नाहीत."

वकिलांनी चष्मा काढला. "अहो, पडल्याशिवाय केस उभी राहत नाही."

मी वर जाऊन हे शब्दशः सांगितलं. मावशी म्हणाली, "मग केसला म्हणावं, तूही बस जरा."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. दारातच एक फलक होता. वर लिहिलं होतं, 'या शाखेत अपघाताविना गेलेले दिवस', आणि खाली आकड्यांच्या पाट्या आकड्यांना लटकवलेल्या. कालच्याहून आज एक वाढलेला असणार, एवढं ओळखायला मला गणित लागलं नाही.

'तक्रार व बदली' असं लिहिलेल्या काउंटरमागे एक मुलगी होती. तिने मान वर न करता विचारलं, "काय बिघडलंय?"

"हात."

"कुठल्या वस्तूचा?"

"मावशीचा."

तिने मान वर केली. "बिल आहे?"

"नाही. ती आमची पूर्वीपासूनची आहे."

"बिलाशिवाय बदलून मिळत नाही, काका. दुरुस्तीला टाकायची तर आठवडा लागेल."

"दुरुस्तीला टाकलीय. खर्चाचं बोलायला आलोय."

तिने फोनवर कुणालातरी "एक काका आलेत, वेगळेच आहेत" असं सांगितलं आणि मला मॅनेजरच्या केबिनमध्ये धाडलं.

मॅनेजर तिशीचा, गोलसर आणि अतिशय अदबीचा होता. त्याच्या अदबीने मला घरच्यासारखं वाटलं. मी स्वतः वर्षानुवर्षं असाच बोलायचो. समोरच्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं आणि बाकी काहीही द्यायचं नाही.

"घटना ऐकून वाईट वाटलं," तो म्हणाला. "आम्ही 'पडणं' वगैरे शब्द वापरत नाही. घटना म्हणतो. तर घटना नेमकी काय?"

"मावशी तुमच्या दुकानात बसल्या."

"बसायला आमची काहीच हरकत नाही."

"जोरात बसल्या."

"त्यालाही नियम नाही," तो म्हणाला. मी पाहिलं, त्याचा चेहरा एकदम सैल झाला होता. शिंक येता येता परत गेल्यावर होतो तसा. "म्हणजे... पडल्या नाहीत?"

"नाही म्हणतात."

"स्वतः म्हणतात?"

"स्वतःच म्हणतात."

त्याने माझ्यासाठी चहा मागवला. माझ्या अनुभवात तक्रारदाराला चहा दोनदाच मिळतो, एकदा तक्रार खोटी असली की आणि एकदा फार खरी असली की. मी म्हटलं, "हे बघा, फरशीवर साबण होता. 'फरशी ओली आहे' अशी पाटी तरी ठेवायची."

"पाटी आहे की. पण आम्ही ती आत ठेवतो. मागे एका बाईंना तिचा पाय लागला."

"त्या पडल्या?"

"नाही, नाही. वाकल्या होत्या त्या." त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "काका, तुम्ही वडीलधारे आहात म्हणून सांगतो. तो बाहेरचा फलक शून्यावर आला की मॅनेजरची बदली. माझ्याआधीचे असेच गेले. मला इथे येऊन वर्ष होतंय. बायकोने परवाच खिडक्यांना पडदे शिवून घेतले. मापाचे. दुसऱ्या कुठल्या घराला बसायचे नाहीत ते. आजी पडल्या म्हणाल्या, तर मला बॅग भरावी लागेल."

मी चहा संपवला आणि हात हलवत परत आलो. मावशीला सगळं सांगितलं. बॅगेचं वाक्य ऐकून ती उठली. खिडकीशी गेली, खाली शिंप्याकडे पाहत उभी राहिली.

"अस्सं," ती म्हणाली. "म्हणजे तोही."

एवढ्यावर हे प्रकरण गोडीगुलाबीने मिटवायचं माझ्या मनात होतं. पण माझ्या मनाला आमच्या घरात कधी फारसं कुणी विचारत नाही. त्या संध्याकाळी ताईचा माझ्या बायकोला सहज म्हणून फोन आला. आई कशी आहे, असं तिने विचारलं. आमच्या सौभाग्यवतींनी, खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगायचं नाही, अशी दुहेरी काळजी घेत उत्तर दिलं, "हात सोडला तर एकदम छान आहेत."

ताई सकाळी हजर. हातात भली मोठी बॅग होती आणि ती रिकामी आहे हे तिच्या हेलकाव्यावरून कळत होतं. ताईचे गुडघे कुरकुरतात. जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून, एका मजल्यावर दोनदा थांबत ती वर आली. मावशी वर दारात, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून उभी.

"सावकाश गं," मावशी म्हणाली, "पडशील."

ताईने धापा टाकत बॅग खाली ठेवली. "ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं."

"मग?"

"मग काय? पडल्यावर ठरलं होतं. मी बसले."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार होतो. साक्षीदाराने अशा वेळी छताकडे बघायचं असतं.

"ठीक," ताई म्हणाली. "बसलीस का पडलीस ते दुकानातच ठरू दे. तिथे कॅमेरे असतात. माझ्या आईला पाडतात म्हणजे काय? खर्च वसूल करते, माफी मागायला लावते, आणि मग तुला घेऊन जाते. चल."

आता गंमत बघा. दुकानाकडून भरपाई हवी होती मावशीला, आणि ती मिळवून द्यायला निघाली ताई. पण ताई जिंकली की मावशीचं घर जाणार. आणि ताई हरली की दुकान सुटणार. मी मधे चालत होतो. माझा कुठल्याच बाजूने फायदा नव्हता, तरी घाम मलाच येत होता.

केबिनमध्ये मॅनेजरने तिघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. ताईने पाणी बाजूला सारलं.

"कॅमेऱ्यात काय आलंय ते दाखवा."

त्याने चित्र लावलं. पडद्यावर साबणाच्या बाटल्या, पलीकडे प्लास्टिकच्या बादल्यांचा उंच मनोरा. मावशी आली. पिशवी सावरत, फळ्यांवर बघत, शांतपणे चालत ती बादल्यांच्या मागे गेली. मग तिथे मावशी नव्हती. सर्वांत वरची बादली जरा डुलली. बराच वेळ काहीच झालं नाही. नंतर बादल्यांच्या वर एक हात दिसला. वर्गात प्रश्न विचारायचा असला की मुलं करतात तसा.

"ही बघा! पडली!" ताई उठूनच उभी राहिली.

"पडताना कुठे दिसतायत, मॅडम?" मॅनेजरने अदबीने विचारलं. "आधी दिसतात. मग दिसत नाहीत."

"मग कुठे गेली ती? जमिनीने गिळली?"

"खालच्या फळीवर चटया असतात," मावशी म्हणाली. "मी बघायला बसले."

"आई, हात मोडलाय तुझा!"

"हात मोडलाय. मी नाही मोडले."

ताईने चित्र पुन्हा लावायला सांगितलं. आम्ही पुन्हा पाहिलं. मावशी पुन्हा होती आणि पुन्हा नव्हती. त्या हाताचं वर येणं दुसऱ्यांदा बघताना मला आधीसारखं हसू आलं नाही. तो वर यायला फारच वेळ लागत होता. ताई खुर्चीत टेकली आणि एकदम वेगळ्याच, लहान आवाजात म्हणाली :

"त्या बादल्यांच्या मागे तू किती वेळ होतीस, गं? आणि मी तिकडे काय करत होते, तर तुझ्या पलंगाला दुसरा कठडा बसवून घेत होते. तुला काय वाटतं, मला हौस आहे? फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. वाजला नाही की त्याच्यासमोर बसून राहते."

मॅनेजरने नम्रपणे टेबलावरच्या टाचणीच्या डबीत लक्ष घातलं. मावशीने मोकळा हात पुढे केला, ताईने बाजूला सारलेला पेला उचलला आणि तिच्या हातात दिला. ताई पाणी प्यायली.

मग मावशी मॅनेजरकडे वळली.

"साहेब, तुम्हीच सांगा एकदा हिला. तुम्ही इथले मुख्य. मी तुमच्या दुकानात पडले का?"

मॅनेजर ताठ बसला. त्याने टाय सरळ केला. दुकान, फलक, पडदे, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असणार.

"नाही, आजी," तो म्हणाला. "आपण आमच्या दुकानात पडलेल्या नाहीत. आमच्या दुकानात कुणी पडत नाही."

"ऐकलंस?" मावशी ताईला म्हणाली. "साहेब सांगतायत."

माझी उभी हयात तक्रारी फेटाळण्यात गेली. पण फेटाळलेली तक्रार अशी पदरात घेऊन, हळदीकुंकवाला बोलावल्यासारखा चेहरा केलेला तक्रारदार मी पहिल्यांदाच बघत होतो. ताईचं तोंड उघडं राहिलं. ती माझ्याकडे वळली, पण केबिनचं छतही बघण्यासारखं होतं.

"तर मग," मावशीने खुर्ची पुढे ओढली, "आता भरपाईचं बोलू."

"कसली भरपाई, आजी?" मॅनेजर गडबडला. "आपण तर पडलाच नाहीत!"

"त्याचीच. मी पडले असते, तर काय दिलं असतंत?"

"नियमाप्रमाणे... दवाखान्याचा खर्च."

"आणि तुम्हाला काय काय लागलं असतं?"

मॅनेजरची नजर दाराबाहेरच्या फलकाकडे गेली.

"म्हणजे मी पडले असते तर तुमचं नुकसान," मावशी ऑपरेटरच्या आवाजात म्हणाली. तो आवाज मी पुष्कळ वर्षांनी ऐकत होतो. त्या आवाजाला लोक 'हो' म्हणूनच रिसीव्हर ठेवायचे. "मी पडले नाही, तर तुमचा फायदा. नुकसान करणाऱ्याला खर्च देता आणि फायदा करून देणारीला पाणी पाजता? असं कसं चालेल? दवाखान्याचा खर्च तर हवाच. शिवाय त्या साबणाच्या बाटल्या हलवा तिथून. आणि ती पाटी बाहेर काढा. कुणाचा पाय लागेल एवढी पुढे ठेवू नका, आणि दिसणार नाही एवढी आतही नको. हे नाही झालं, तर मी पुन्हा येईन. दर वेळी बसणं जमेलच असं नाही, हं. वय झालंय माझं."

मॅनेजरने कपाळ पुसलं. खर्च कुठल्या खात्यावर घालायचा, एवढंच त्याने हळूच विचारलं. हा प्रश्न माझ्या आवाक्यातला होता. "ग्राहकांचा सन्मान," मी म्हणालो. "असं एक खातं सगळीकडे असतं आणि ते नेहमी रिकामंच असतं." त्याने ते लिहून घेतलं. मग तो उठला, टेबलाला वळसा घालून मावशीसमोर आला आणि म्हणाला, "आजी, माफ करा. खरंच."

"कशाबद्दल?" मावशीने विचारलं.

खरं उत्तर दिलं असतं तर फलक शून्यावर आला असता.

"खुर्ची नव्हती त्याबद्दल," तो म्हणाला.

"हां," मावशी म्हणाली. "ते मात्र तुमचं चुकलंच." आणि तिने मोकळ्या हाताने त्याचा दंड थोपटला. "पडदे कुठल्या रंगाचे शिवलेत?"

चटई मॅनेजरने स्वतः आणून दिली. सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत महाग. मावशीने तिला हात लावून पाहिला, परत पाठवली आणि त्यातलीच हिरवी मागितली. निघताना साबणाच्या मांडणीपाशी फरशी पुसणारा उलट्या बादलीवर उभा राहून बाटल्या उतरवत होता. ताई त्याच्याजवळून जाताना जराशी सरकली. पडली नाही. पण सरकली, आणि तिने झटकन आईचा चांगला दंड धरला. मावशीने मागे वळूनही पाहिलं नाही, नुसता दंड घट्ट केला. बाहेर फुटपाथवर आल्यावर दोघींनी एकमेकींना सोडलं आणि जणू काही झालंच नाही अशा चालू लागल्या. एका घराण्याच्या आहेत, हे पाठमोऱ्याही कळत होतं.

घरी आल्यावर ताईने करार दुरुस्त करायला घेतला. साक्षीला पुन्हा मी.

"यापुढे," ती म्हणाली, "नुसतं पडणं नाही. बसणंही धरणार. टेकणं, वाकणं, आडवं होणं, सगळं."

"झोपू तरी का नको?"

"झोप. पण रोज सकाळी मला फोन करायचा. न चुकता."

हे मावशीने मुकाट्याने मान्य केलं, आणि माझ्या मते त्या सबंध प्रकरणात तिने पडतं घेतलं ते एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती खिडकी उघडली की आधी फोन करते. "लाइन चालू आहे," एवढं म्हणते आणि ठेवते. मग शिंपी फडकं काढतो.

बाकीचा करारही तिने मान्य केला, आणि तोही इतक्या चटकन, की मला संशय आला. भाषेत अजून घसरणं होतं, कलंडणं होतं, लवंडणं, धडपडणं, कोलमडणं होतं. तिचा साठा मोठा होता. ताई बिचारी शाळेत गणितात हुशार होती.

बॅग तिने परत नेली नाही. "राहू दे इथेच," एवढंच म्हणाली आणि ती पलंगाखाली ढकलली. मावशीने ताई स्टेशनवर पोचायच्या आत तीत जादाची पांघरुणं भरून टाकली.

ताईला सोडून मी परत आलो, तेव्हा मावशीने मला न्हाणीघरात चटई अंथरायला लावली. ती दारात उभी राहून सूचना देत होती. डावीकडे घे, चिकटणारी बाजू खाली कर, कोपरा दुमडलाय. मी घामाघूम झालो. मग ती स्वतः आत आली. भिंतीला धरायला काही नव्हतं, तेव्हा तिने माझा खांदा धरला आणि चटईवर दोन्ही पाय ठेवून हळूहळू भार दिला. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. खांद्यावरचा हात काढायला ती विसरली होती, किंवा नव्हती.

"चांगली आहे," ती म्हणाली.

"आहेच. महागाची आहे."

"त्या बादल्यांमागे, अरे," ती चटईकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, आता काही उठत नाही मी."

मी पायाने चटईचा कोपरा दाबून धरला.

"फारच जोरात बसले रे मी," मावशी म्हणाली, आणि खांदा सोडून चहाचं आधण ठेवायला गेली.